२.८ आणि २.९ च्या मधे कोण राहतं?



या आठवड्याच्या टपालात एक मजेदार पत्र आलंय. दहावीतल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे, आणि त्यात चक्क घरातल्या भांडणाची तक्रार आहे! तिला गृहपाठात प्रश्न होता : ‘क्ष² + बक्ष + २ = ० या वर्गसमीकरणाची मुळे समान आहेत, तर ब ची धन किंमत काढा.’ ताईनं काय केलं, आईचा मोबाइल घेतला, त्यावर जिओजेब्रा उघडलं, आलेख काढला, स्लायडर सरकवला आणि वहीत उत्तर लिहिलं, २.८. सातवीतला धाकटा भाऊ शेजारी बसून बघतच होता. त्यानं तोच आलेख दोन बोटांनी मोठा केला आणि जाहीर केलं, की २.८ ला समान-बिमान काही नाही. २.९ लाही नाही. मधे आकडाच नाही. म्हणजे असा ब जगात अस्तित्वातच नाही! ताईनं मग वहीत दोन्ही उत्तरं लिहून टाकली आणि बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारली.

‘मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का?’ असं तिनं विचारलंय.

प्रश्न फक्कड आहे. पण उत्तर असं आयतं देऊन टाकलं तर मजा नाही. आधी तो आलेख आपण स्वतः तयार करू, मग बघू कोण खोटं बोलतंय ते. ज्यांच्याकडे मोबाइल किंवा कॉम्प्युटर नाही त्यांनी पान उलटू नका. पुढे तुमच्यासाठी खोबरेल तेलाची युक्ती आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते.

दहावीच्या खालच्या दोस्तांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. क्ष ला एकेक किंमत देत जायची, क्ष² + बक्ष + २ ची किंमत काढायची, तिला य म्हणायचं आणि आलेख कागदावर ठिपके देत जायचं. ते जोडले की वाटीसारखा एक वक्र तयार होतो. त्याचं गणितातलं भारदस्त नाव ‘अन्वस्त’. ही वाटी आडव्या अक्षाला, म्हणजे क्ष-अक्षाला, जिथे कापते तिथे य शून्य असतो. त्या जागा म्हणजेच समीकरणाची मुळं. वाटी अक्षाच्या वर तरंगत असेल, तर मुळंच नाहीत (निदान आपल्या ओळखीच्या संख्यांत नाहीत). अक्ष कापून खाली गेली, तर दोन मुळं. आणि वाटीचा तळ अक्षाला नुसता टेकला, तर दोन्ही मुळं एकाच जागी, म्हणजे समान. तर ताईचा प्रश्न एवढाच, की ब किती असला म्हणजे वाटी टेकते?

पूर्वी हे कसं करायचे? ब = १ धरून एक तक्ता, सात-आठ ठिपके, एक वक्र. ब = २ धरून पुन्हा तक्ता, पुन्हा ठिपके. चार वक्र काढेपर्यंत तास संपायचा आणि खोडरबराचा भुगा सगळ्या बाकावर. १९९१ साली अमेरिकेत ‘जॉमेटर्स स्केचपॅड’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्यात काढलेल्या आकृतीचा बिंदू माउसनं धरून ओढला, की आकृती आपली नाती सांभाळून बदलायची. पुढे मार्कुस होहेनवार्टर नावाच्या ऑस्ट्रियातल्या विद्यार्थ्यानं २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी भूमितीची आकृती आणि बीजगणिताचं समीकरण शेजारी शेजारी ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. जॉमेट्रीतला ‘जिओ’ आणि अल्जेब्रातला ‘जेब्रा’, झालं जिओजेब्रा! शाळेतल्या मुलांना ते फुकट मिळतं. २००७ साली ‘मॅथेमॅटिका’ या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही ‘मॅनिप्युलेट’ नावाची सोय आली. एक ओळ लिहिली की आलेखाला स्लायडर जोडला जातो. २०११ साली डेस्मॉस आलं, तेही सोपं आहे. आपण ताईचंच जिओजेब्रा घेऊ.

उघडा. खाली किंवा डाव्या बाजूला लिहायची पट्टी असते. तिथे आपलं समीकरण टाइप करायचं : य = क्ष² + ब × क्ष + २. टाइप करताना अर्थात क्ष च्या जागी इंग्रजी एक्स, य च्या जागी वाय आणि ब च्या जागी बी. वर्गासाठी ^ ही टोपी देऊन २ लिहा. आणि ब व क्ष यांच्या मधे गुणाकाराची चांदणी * द्यायला विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर कधी कधी दोन अक्षरं मिळून एकच नाव समजतं.

आता गंमत बघा. क्ष आणि य कोण, हे सॉफ्टवेअरला माहीत असतं, ते अक्षांवरचे. पण हा ब कोण? त्याला काहीच सांगितलेलं नाही. मग ते आपण होऊन ब साठी एक स्लायडर तयार करतं (काही आवृत्त्यांत ‘स्लायडर करू का?’ असं विचारतं). एक आडवी रेघ, तिच्यावर सरकणारा एक मणी. मणी डावीकडे नेला की ब कमी होतो, उजवीकडे नेला की वाढतो, आणि तुमचा वक्र त्याच क्षणी जागचा हलतो. जणू पंख्याचा रेग्युलेटरच!

इथे जरा थांबू या. एकाच समीकरणात ही जी अक्षरं आहेत ती एका जातीची नाहीत, आणि वहीत हे कधी लक्षातच येत नाही. क्ष बदलला की वक्रावरचा बिंदू बदलतो. ब बदलला की अख्खा वक्रच बदलतो. क्ष हा वाटीच्या कडेवरून फिरणारा मुंगळा, आणि ब म्हणजे कोणती वाटी घ्यायची ते ठरवणारा माणूस. अशा अक्षराला गणितात ‘प्राचल’ म्हणतात. एरवी ‘ब ही स्थिर संख्या’ असं पुस्तकात वाचून आपण पुढे जातो. स्लायडर त्या स्थिर संख्येला हातात देतो.

मणी हलवायच्या आधी मात्र एक काम करा. वहीत अंदाज लिहा. हो, आधी! मणी इकडून तिकडे उगाच सरकवत बसणं म्हणजे टीव्हीची चॅनेलं बदलत बसण्यासारखं आहे. डोळ्यांपुढून पुष्कळ जातं, हाती काही लागत नाही. तर लिहा : ब वाढवला की वाटी कुठे जाईल? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे? की तिचं तोंड रुंद होईल?

लिहिलंत? आता सरकवा.

बरेच जण ‘उजवीकडे’ लिहितात. ब वाढला तर वाटी उजवीकडे जाईल, हे वाटणं साहजिक आहे. पण ती जाते डावीकडे! आणि नुसती डावीकडे नाही, खालीही जाते. ब = ० असताना तळ (०, २) वर असतो. ब = २ केला की (−१, १) वर. ब = ४ केला की (−२, −२) वर. मणी मागे आणा, शून्याच्या पलीकडे ऋण बाजूला न्या. वाटी आधी वर चढते आणि मग उजवीकडे उतरू लागते. तोंड मात्र जरासुद्धा रुंद किंवा अरुंद होत नाही. तीच वाटी, नुसती जागा बदलणारी. आणखी एक गोष्ट दिसली का? काहीही केलं तरी वक्र (०, २) या बिंदूतून जातोच. खुंटीला बांधल्यासारखा. का बरं? क्ष च्या जागी ० घाला, की ब × क्ष हे पद शून्य होतं. मग ब चा बिचाऱ्याचा तिथे काय जोर चालणार!

हा तळ कुठल्या वाटेनं फिरतो, ते नीट पाहू. तळाचे निर्देशक दहावीच्या मुलांना पूर्ण वर्ग करून काढता येतील :

क्ष² + बक्ष + २ = (क्ष + ब/२)² + २ − ब²/४

वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून य सगळ्यांत कमी तेव्हा, जेव्हा क्ष = −ब/२. तिथे य = २ − ब²/४. जिओजेब्राच्या पट्टीत हा बिंदू टाइप करा : कंस, −ब/२, स्वल्पविराम, २ − ब²/४, कंस पुरा. (पुन्हा सांगतो, अक्षरं इंग्रजी.) त्या बिंदूच्या सेटिंगमध्ये ‘ट्रेस’ म्हणजे माग ठेवण्याची सोय असते, ती चालू करा आणि मणी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. बिंदू आपल्या पावलांचे ठसे ठेवत जाईल.

आणि काय दिसतं? आणखी एक वाटी! पण उपडी. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो निव्वळ योगायोग वाटला होता. पण हिशोब करा : तळाचा क्ष = −ब/२, म्हणजे क्ष² = ब²/४, म्हणून तळाचा य = २ − क्ष². हीच ती उपडी वाटी. ब पार गळून गेला! ही उपडी वाटी लक्षात ठेवा, भांडण मिटवायला तीच येणार आहे.

आता वळू भांडणाकडे. मणी २.८ वर आणा. वाटी अक्षाला टेकलेली दिसते ना? ताईला तेच दिसलं. पण हिशोब पाहा. २.८ चा वर्ग ७.८४, त्याचा चौथा भाग १.९६, म्हणजे तळ २ − १.९६ = ०.०४ एवढा वर आहे. पडद्यावर १ एककाला ५० ठिपके मिळत असतील, तर ०.०४ म्हणजे फक्त २ ठिपके. आणि वक्राची रेघच तेवढी जाड असते! तेव्हा डोळ्यांना ते टेकलेलं दिसणारच. आलेख मोठा केला की फट उघडी पडते. भावानं तेच केलं. शाबास! मग त्यानं मणी पुढे सरकवला. २.९ वर तळ −०.१०२५, म्हणजे अक्षाच्या खाली. आता दोन मुळं. २.८ वर एकही नाही, २.९ वर दोन. टेकलेली वाटी मिळतच नाही!

पण भाऊराव, जरा सबूर. हा मणी वाटतो तितका गुळगुळीत सरकत नाही. जिओजेब्राचा स्लायडर नेहमी −५ पासून ५ पर्यंत ०.१ च्या पायरीनं जातो. मोजा, बरोबर १०१ थांबे होतात. एस.टी.च्या जलद बससारखं. बस दोन थांब्यांच्या मधल्या गावावरून भर्रकन निघून जाते. ती तिथे थांबली नाही, म्हणून गाव नाही असं कोण म्हणेल?

पायरी बदलता येते. स्लायडरच्या सेटिंगमध्ये किमान किंमत, कमाल किंमत आणि पायरी असे तीन रकाने असतात. पायरी ०.०१ करा. आता २.८२ मिळेल, २.८३ मिळेल. (आकडे दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसत असतील, तर पुढच्या पायऱ्यांसाठी सेटिंगमध्ये ‘राउंडिंग’ वाढवून घ्या.) टेकायचं असेल तर तळ शून्यावर हवा, म्हणजे ब²/४ = २, म्हणजे ब² = ८ व्हायला हवं. विवेचक ब² − ४अक शून्य ठेवून दहावीत हेच येतं. तर वर्ग करून पाहू :

२.८२ चा वर्ग ७.९५२४, कमी पडला.
२.८३ चा वर्ग ८.००८९, जास्त झाला.

पायरी ०.००१ करा. २.८२८ चा वर्ग ७.९९७५८४, कमी. २.८२९ चा ८.००३२४१, जास्त. पायरी ०.०००१ केली तर २.८२८४ चा वर्ग ७.९९९८४६५६ आणि २.८२८५ चा ८.०००४१२२५. एक अलीकडे, एक पलीकडे. बसचे थांबे कितीही वाढवले तरी आपलं गाव दोन थांब्यांच्या मधेच!

‘आणखी बारीक पायरी करत गेलो तर कधीतरी सापडेलच की,’ असं कुणी म्हणेल. पैज लावता? नका लावू, हराल. आणि का हराल हे सातवीतल्या भावालाही समजेल.

समजा, कुठल्यातरी पायरीला मणी बरोबर जागी थांबला आणि ब ही एक दशांश संख्या मिळाली. तिच्या शेवटी शून्य असेल तर ते खोडून टाका, किंमत बदलत नाही. म्हणजे शेवटचा अंक १ ते ९ पैकी एक. आता वर्ग करा. गुणाकारात शेवटचा अंक कुठून येतो? शेवटच्या अंकाला त्याच अंकानं गुणून. १ ते ९ च्या वर्गांचे शेवटचे अंक लिहा : १, ४, ९, ६, ५, ६, ९, ४, १. यात शून्य आहे? नाही! म्हणजे २.८३ सारख्या दोन दशांश स्थळांच्या संख्येच्या वर्गात चार दशांश स्थळं येणार आणि चौथ्या स्थळी शून्य नसणार. वरचे सगळे वर्ग पुन्हा बघा, शेवटी शून्य कुठेच नाही. आणि आपल्याला हवंय बरोबर ८, म्हणजे ८.००००. ते कसं जमणार? पूर्णांक म्हणाल, तर २ चा वर्ग ४ आणि ३ चा ९, तेही नाही. तेव्हा पायरी ०.१ घ्या, नाहीतर एकावर शंभर शून्यं असलेला छेद घ्या, असा मणी त्या जागी कधीच थांबणार नाही.

(एखादा चतुर म्हणेल, मी पायरी एक-तृतीयांश ठेवतो! ठेव बाबा. पण √२ ही अपरिमेय संख्या आहे याची सिद्धता नववीतल्या दादाला विचार. √८ म्हणजे त्याची दुप्पट, २√२. ती कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही.)

मग वाटी टेकते हे तरी कशावरून? ती उपडी वाटी आठवा, य = २ − क्ष². तळ तिच्यावरूनच चालतो. ब = २.८ ला तो अक्षाच्या वर होता, २.९ ला खाली. वाट कुठेही तुटलेली नाही. वरून खाली यायचं तर अक्ष ओलांडावा लागणारच, आणि तो क्ष² = २ असताना ओलांडला जातो. डावीकडे क्ष = −√२, म्हणून ब = २√२. प्रश्नात धन किंमत मागितली होती, म्हणून बाईंना हवं असलेलं उत्तर एवढंच. ताईचं २.८ हे जवळचं होतं, बरोबर नव्हतं. भावाचं ‘अस्तित्वात नाही’ हेही चूक. आणि कॉम्प्युटर? त्यानं आपल्या १०१ थांब्यांवर काय दिसतं ते चोख दाखवलं. मधल्या जागांबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता; बोलले ते आपले ताई आणि भाऊराव.

आता खोबरेल तेल! आलेख कागदावर दोन्ही अक्ष काढा, १ एकक = २ सेंटिमीटर. (०, २) बिंदू लाल पेन्सिलीनं ठळक करा. दुसऱ्या एका पातळ कागदाला कापसाच्या बोळ्यानं थोडं खोबरेल तेल लावा आणि पुसून घ्या, तो पारदर्शक होईल. (ट्रेसिंग पेपर असेल तर उत्तमच. तेलाचे हात आईच्या साडीला पुसू नयेत!) त्याच्यावर त्याच मापानं य = क्ष² ची वाटी काढा : (०, ०), (१/२, १/४), (१, १), (१ १/२, २ १/४), (२, ४) आणि डावीकडे तसेच बिंदू. वाटीच्या मधून उभी रेघही काढा.

आता हा कागद खालच्या कागदावर ठेवून सरकवा. अटी दोनच. वरचा कागद तिरका करायचा नाही. त्याची उभी रेघ खालच्या उभ्या रेघांना समांतर राहिली पाहिजे. आणि वाटीची कड लाल ठिपक्यावरून जायलाच हवी. वर आपण पाहिलं ना, की वाटी तीच राहते आणि (०, २) सोडत नाही? म्हणून या दोन अटी पाळल्या की झाला तुमचा स्लायडर तयार, विजेशिवाय चालणारा!

ब किती हे कसं वाचायचं? तळ य-अक्षापासून ब/२ एककं दूर असतो आणि आपलं एकक २ सेंटिमीटरचं. म्हणजे तळ य-अक्षापासून जितके सेंटिमीटर डावीकडे, तितकाच ब. नुसती पट्टी लावायची! कागद हळूहळू डावीकडे सरकवत, तळ अक्षाला टेकेल तिथे थांबा आणि मोजा. २.८ आणि २.९ च्या मधे कुठेतरी येईल. आणि हे लक्षात आलं का, की पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा म्हणजे पुन्हा ०.१ ची पायरीच? तुमचा हात त्या जागेवरून सहज गेला, पण पट्टीवर त्या जागेला रेघ नाही.

तरीही ती जागा तुम्हाला नेमकी खूण करता येते. आलेख कागदावर २ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस घ्या. त्याचा कर्ण किती? पायथागोरसच्या प्रमेयानं २² + २² = ८, म्हणजे कर्ण √८ सेंटिमीटर. कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या, त्याची दोन टोकं या कर्णाच्या दोन टोकांवर ठेवा आणि तेवढंच अंतर आरंभबिंदूपासून क्ष-अक्षावर डावीकडे घ्या. टोचा तिथे. आता तेलाच्या कागदावरची वाटी तिचा तळ त्या टोचलेल्या जागी येईल अशी ठेवा आणि कड लाल ठिपक्यावरून जाते का ते बघा. एकही आकडा न लिहिता मणी बरोबर जागी थांबला की नाही?

आई-बाबांनो, एक विनंती. मुलं मोबाइल हातात घेऊन ‘गणित करतोय’ म्हणाली तर लगेच डोळे वटारू नका. ‘आधी अंदाज काय लिहिला होतास, दाखव’ एवढं विचारा. वही कोरी असेल तर मग खुशाल वटारा.

जाता जाता दोन कोडी देतो. पहिलं सोपं : २ च्या जागी −२ घेतले, य = क्ष² + बक्ष − २, तर स्लायडर कुठेही नेला तरी वाटी अक्षाला टेकत का नाही, आणि तिचा तळ कुठल्या वाटेनं फिरतो? दुसरं जरा डोकं खाजवायला लावणारं : २ आणि ३ यांच्या मधली अशी संख्या शोधा, की ती २ च्या जागी घातल्यावर ०.१ च्या पायरीचा स्लायडर बरोब्बर टेकण्याच्या जागी थांबेल. अशा संख्या एकाहून जास्त आहेत. सगळ्या शोधणाऱ्यांची नावं छापू. पोस्टकार्डावर नाव, इयत्ता, गाव लिहा, आणि नुसतं उत्तर नको, रीत हवी. आधी लिहिलेला अंदाज चुकला असेल तर तोही न खोडता पाठवा.